गावाची वही कोण लिहिणार?

भंडारा जिल्ह्यातून एस.टी.नं जाताना खिडकीशी जागा मिळाली तर एक गंमत करून पाहा. तळी मोजायला लागा. धानाच्या बांध्या संपल्या की तळं, तळं मागं पडलं की पुन्हा बांध्या, मध्येच एखादी लहानशी बोडी, आणि वळण घेतलं की पुन्हा तळं! हाताची बोटं संपतात, तळी संपत नाहीत. आणखी एक मजा म्हणजे यांतल्या पुष्कळ तळ्यांचं सरकारी कागदातलं नाव एकच आहे, ‘मामा तलाव’!

आता हा मामा कोण? कुणाचा?

मुलांनो, हा मामा कुणाचाच नाही. ‘मा. मा. तलाव’ म्हणजे ‘माजी मालगुजारी तलाव’. इंग्रजी अमलात, १८६० च्या दशकात, मध्यप्रांतात जमिनीची मोजणी आणि आकारणी झाली. तेव्हा गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायची जबाबदारी मालगुजारावर आली, आणि गावाची मालकीही त्याच्याच नावावर लागली. गावाबरोबर गावचं तळंही त्याचं झालं. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली. मालगुजार ‘माजी’ झाले आणि तळी झाली ‘मामा’!

पण जरा थांबा. मालगुजार म्हणजे सारा भरणारा. मग तळं बांधलं कोणी?

याचं अर्धं उत्तर ठाऊक आहे. या भागातली कितीतरी तळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधली. जंगल तोडून गाव वसवावं, तळं बांधावं आणि त्या बदल्यात जमीन मिळवावी, अशी गोंड राजांच्या काळातली रीत होती. पाणी कुठून येईल, कुठं अडेल, पाळ कुठं घालावी हे कोहळ्यांना नजरेनंच कळायचं. नवेगाव बांधचं विस्तीर्ण तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. (नवेगाव बांध आधी भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडं गेलं.) १९०८ साली छापलेल्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये लिहिलं आहे की हे कोलू पाटील पुढं देव झाले, ‘कोलासूर देव’! तळ्याभोवतीच्या टेकड्यांपैकी एकीवर त्यांचं ठाणं आहे.

माणूस इतकं मोठं काम करून गेला की लोकांनी त्याला शेंदूर लावला. चांगलंच आहे. पण कोलू पाटलांनी काही एकट्यानं माती वाहिली नसेल. टोपल्या डोक्यावर घेऊन शेकडो बायामाणसं त्या पाळीवर चढली-उतरली असतील. त्यांची नावं? एकही नाही. तुमच्या गावच्या तळ्याचंही तसंच. आजीला विचारा, ‘तळं कोणी बांधलं?’ ती म्हणेल, ‘लय जुनं हाय, बाप्पा!’ दहा घरी विचारलंत तर तीन निरनिराळी उत्तरं मिळतील. पण एखाद्या अकराव्या घरी कुणी म्हातारा म्हणेल, ‘माझ्या आज्यानं या पाळीवर माती टाकली होती.’ हे वाक्य कुठंच लिहिलेलं नाही. तो म्हातारा आहे तोवर ते आहे.

अशी वाक्यं गोळा करण्यासाठी जी माणसं एकत्र येतात, त्यांच्या मंडळाला म्हणतात इतिहास मंडळ. नाव भारदस्त आहे, पण काम अगदी साधं. विचारायचं, लिहायचं आणि जपायचं. आपल्याकडं हे काम कसं सुरू झालं, कोणी वाढवलं आणि भंडाऱ्याशी त्याचा काय संबंध, तेच आज पाहू.

पहिला विचारणारा

मंडळं निघायच्या पुष्कळ आधी, सव्वासातशे वर्षांहून अधिक झाली, विदर्भात एक माणूस वही घेऊन फिरत होता. म्हणजे वही नव्हे, पोथीची पानं. त्याचं नाव म्हाइंभट. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी शिष्यांच्या मनात तेवढ्या उरल्या होत्या. म्हाइंभटांना वाटलं, ही माणसं गेली की आठवणीही जाणार. म्हणून ते एकेकाकडं गेले. ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांना विचारलं आणि ते लिहून काढलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बसून त्यांनी ‘लीळाचरित्र’ तयार केलं. मराठी गद्यातला हा अगदी सुरुवातीचा मोठा ग्रंथ. सरकारनं स्थापन केलेलं मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरलाच आहे, ते उगीच नव्हे!

लीळाचरित्रात आपलं भंडाराही आहे बरं का! चक्रधरस्वामींचे एक शिष्य निळभट. ते भंडाऱ्याचे, म्हणून त्यांना ‘भांडारेकार’ म्हणायचे.

पुढं काय झालं ते ऐका. धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली. सगळे कष्ट पाण्यात! पण हिराइसा नावाच्या एका बाईंना लीळा पाठ होत्या. त्यांच्या आणि आणखी काही जणांच्या आठवणीवरून ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणींत फरक पडायचाच. तेव्हा त्या लोकांनी काय केलं? ‘हेच खरं, ते खोटं’ असं म्हणून एकाचं खोडलं नाही. एकाचं म्हणणं असं आहे, दुसऱ्याचं तसं आहे, अशी दोन्ही नोंदवून ठेवली. आज विद्यापीठात संशोधन करणारेही याहून वेगळं काय करतात!

याच पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ झाला. त्याचा विषय एकच. स्वामी कोणत्या गावी राहिले, गावाच्या कोणत्या अंगाला, कोणत्या देवळात, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला होतं. वाचायला रुक्ष वाटेल. पण चौदाव्या शतकातली गावं कशी होती हे ज्याला हवं असेल त्याच्यासाठी ती पोथी म्हणजे खजिना आहे. दार पूर्वेला की पश्चिमेला, एवढंच कुणीतरी लिहिलं म्हणून!

राजवाड्यांची पायपीट

महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या होत्या, दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून. शेकडो वर्षं त्या बाहेरच्या कुणाला वाचता येत नव्हत्या. त्यांतली ‘सकळ लिपी’ उलगडली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. आणि महाराष्ट्रातल्या इतिहास मंडळांची गोष्ट याच विलक्षण माणसापासून सुरू होते.

राजवाडे गावोगाव फिरायचे. कुणाच्या वाड्यात जुनं दप्तर आहे असं कळलं की निघाले! राहणी साधी, स्वयंपाक स्वतःच्या हातानं, स्वभाव मात्र कडक. त्या काळी मोडी लिपीतले जुने कागद माळ्यावर पडून असायचे. वाळवी खायची, उंदीर कुरतडायचे, कधी ते रद्दीतही जायचे. राजवाडे ते मागायचे. कुणी द्यायचं, कुणी दारातूनच परत पाठवायचं. कुणाला वाटायचं, हा कागद घेऊन आपल्या जमिनीवर दावा तर लावणार नाही ना! तरीही हा माणूस हटला नाही. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. त्यात पानिपतच्या लढाईपर्यंतची पत्रं होती. ज्या लढाईबद्दल नुसत्या दंतकथा ऐकल्या, तिच्याबद्दलचे त्या वेळच्या माणसांचे शब्द लोकांना पहिल्यांदा वाचायला मिळाले. असे एकूण २२ खंड निघाले.

पण एकटा माणूस किती फिरणार? ७ जुलै १९१० ला पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ स्थापन केलं. सभेत बसून भाषणं ऐकायची, असलं हे मंडळ नव्हतं. सभासदानं काहीतरी शोधून आणायचं, एखादं पत्र, नाणं, ताम्रपट, आणि ते सर्वांपुढं वाचून दाखवायचं. मग बाकीचे त्याच्या चुका काढणार! दत्तो वामन पोतदारांनी वर्षानुवर्षं या मंडळाचा कारभार वाहिला. ग. ह. खरे यांनी तर असहकाराच्या चळवळीत कॉलेज सोडलं होतं. त्यांनी फारसी, मोडी, शिलालेखांच्या लिप्या स्वतःच शिकून घेतल्या आणि मोठमोठ्या पंडितांना मार्गदर्शन करण्याइतके ते तयार झाले. मंडळाचा फायदा हाच. तिथं तुमची पदवी कुणी विचारत नाही, कागद वाचता येतो का ते विचारतात.

राजवाड्यांचं पुण्याच्या मंडळाशी पुढं पटलं नाही. आधी म्हटलंच, स्वभाव कडक! ते धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले. धुळेकरांनी त्यांचे कागद वाऱ्यावर सोडले नाहीत. त्यांच्या नावानं राजवाडे संशोधन मंडळ काढलं, ‘संशोधक’ नावाचं नियतकालिक चालवलं. म्हणजे एका माणसाच्या भांडणामुळं महाराष्ट्राला एकाऐवजी दोन मंडळं मिळाली, असंही गमतीनं म्हणता येईल.

इतिहास जपायला शहरच लागतं असं मात्र नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे तेरणा नदीकाठचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ म्हणून ग्रीक व्यापाऱ्यांनाही माहीत होतं. तेरला जमिनीत जुन्या वस्तू सापडत. मणी, मातीच्या मूर्ती, नाणी. गावातले रामलिंगप्पा लामतुरे या वस्तू जमवत राहिले. त्या संग्रहातूनच पुढं तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, आणि त्याला त्यांचंच नाव आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती, या दोघी बहिणी शोभतात! एका खेड्यातल्या माणसानं जपणूक केली नसती तर यांतलं कितीतरी नाहीसं झालं असतं.

पवनीची टेकडी

आता आपल्या भंडाऱ्याकडं परत येऊ. विदर्भाच्या इतिहासाचं काम करणारं मंडळ नागपूरला आहे, विदर्भ संशोधन मंडळ. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायचे. शिलालेख आणि ताम्रपट वाचण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. या मंडळाशी त्यांचा जवळचा संबंध होता. मंडळाच्या वार्षिक अंकांत विदर्भातल्या कितीतरी लहान लहान गावांची नावं पहिल्यांदा छापून आली. कुणाच्या शेतात ताम्रपट सापडला, कुणाच्या विहिरीवर कोरलेला दगड होता.

अशा गावांत पवनी फार महत्त्वाची. वैनगंगेच्या काठचं हे गाव. जुन्या तटाच्या आत वसलेलं, पुष्कळ देवळांचं. पवनीला एक खांब मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचं नाव आहे आणि त्या खांबाला ‘छायाखंभ’ म्हटलं आहे. छाया म्हणजे प्रतिमा. गेलेल्या माणसाच्या आठवणीचा हा खांब. भार वंशातल्या भगदत्त राजाचा लेखही पवनीलाच सापडला. या राजांचं नाव त्यापूर्वी इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं!

गावाजवळ काही टेकड्या होत्या. एकीला लोक जगन्नाथ टेकडी म्हणत, दुसरी चांडकापूरची, तिसरी हरदोलाला टेकडी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडी खणली. डॉ. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी या कामाचे प्रमुख होते. टेकडीच्या पोटात निघाला विटांचा प्रचंड बौद्ध स्तूप, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा! भोवती दगडी कठडा होता, त्याच्या खांबांवर चित्रं कोरलेली. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे. खाली ब्राह्मीत त्याचं नाव लिहिलं आहे, मुचलिंद नाग. बुद्धांवर पाऊस पडत असताना ज्यानं फणा धरला तो हा. पण शिल्पात बुद्ध दिसत नाहीत, रिकामं आसन दिसतं. त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवायची पद्धत नव्हती, म्हणून रिकाम्या आसनानंच ते तिथं आहेत असं समजायचं. १९९४ साली पुरातत्त्व सर्वेक्षणानं पवनीला पुन्हा उत्खनन केलं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. राजेमहाराजे नव्हेत हो, साधी माणसं. कुणी एक खांब दिला, कुणी एक पाट. एका दानाच्या लेखात तर सर्व जीवांना सुख मिळो अशी इच्छा लिहिली आहे. दोन हजार वर्षं होऊन गेली, तरी ही नावं आज वाचता येतात.

आता आपल्या तळ्याकडं पाहा. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं, म्हणजे पवनीच्या मानानं कालपरवाचं. त्यावर राबणाऱ्या एकाही माणसाचं नाव आपल्याला सांगता येत नाही! स्तूपाला दगड देणाऱ्यानं आपलं नाव लिहवून घेतलं. पाळीवर माती टाकणाऱ्याला कोणी विचारलं नाही. गॅझेटिअर लिहिणारा साहेब आला, त्यानं पाटलाला विचारलं, मालगुजाराला विचारलं आणि तो पुढच्या गावी गेला. त्यानं लिहिलं ते मोलाचं आहे, नाहीतर कोलू पाटलांचं नाव आज कुठून मिळालं असतं? पण बाहेरचा माणूस ज्याच्या ओसरीवर बसतो, त्याचीच गोष्ट लिहितो.

ही तक्रार काही आपल्याकडचीच नाही. स्वीडन देशात स्व्हेन लिंडक्विस्ट नावाच्या लेखकाच्या ध्यानात आलं की कारखान्यांचे इतिहास मालकांनी लिहवून घेतलेले असतात, त्यांत कामगार कुठंच नसतो. १९७८ साली त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ, ‘जिथं उभे आहात तिथंच खणा’. कामगारांनो, तुमच्या कामातले तुम्हीच तज्ज्ञ आहात, मग तुमचा इतिहास तुम्हीच शोधा, असं त्याचं सांगणं. स्वीडनमध्ये ठिकठिकाणी असे अभ्यासगट निघाले.

खणा म्हणजे कुदळ घेऊन नव्हे हं! हे पवनीच्या आणि आसपासच्या मुलांना मुद्दाम सांगतो. टेकडी उकरायची नाही, विटा काढायच्या नाहीत, मूर्ती घरी आणायची नाही. जमिनीत जुनी मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरांना कळवावं लागतं, तसा १८७८ सालापासून कायदाच आहे. आणि वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी गोष्ट हरवते. मणी कोणत्या थरात होता, कशाच्या शेजारी होता, त्यावरूनच तो किती जुना ते ठरतं. आपल्याला खणायच्या आहेत त्या आठवणी.

शब्दांचं मंडळ

भंडाऱ्यात असं खणणं झालेलं आहे, तेही खेड्यापाड्यांत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीची बोली ती झाडीबोली. शाळेत ही बोली बोललं की पूर्वी हसायचे, ‘शुद्ध बोल’ म्हणायचे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हीच बोली अभ्यासाला घेतली. तिचे शब्द गोळा केले, दंडारीसारख्या लोकनाट्यावर लिहिलं, झाडीबोलीचा शब्दकोश केला. झाडीबोली साहित्य मंडळ उभं राहिलं आणि १९९० च्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरू लागली. ती खेड्यांतच, बरं का!

तुम्ही म्हणाल, हे तर भाषेचं मंडळ झालं. पण विचार करा. लहान तळ्याला ‘बोडी’, ढोरं गोळा होण्याच्या जागेला ‘आखर’, हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याच तोंडी गावाचा इतिहासही आहे. आखर हा शब्द गेला की गावात आखर होता हेही गेलं.

पाण्याखालची गावं

आणि आता जरा गंभीर गोष्ट. हे सगळं घाईचं का आहे ते सांगतो.

पवनी तालुक्यातच गोसीखुर्द आहे. २२ एप्रिल १९८८ ला तिथं वैनगंगेवरच्या मोठ्या धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. धरणात टप्प्याटप्प्यानं पाणी साठवत गेले आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. धरणानं पुष्कळांच्या शेताला पाणी मिळतं, ते हवंच होतं. पण ज्यांचं गाव गेलं त्यांचं गेलंच. नव्या ठिकाणी प्लॉट पडले, सरळ रस्ते झाले, शाळा झाली. जुनं गाव पाण्याखाली.

या गावांची सरकारी नोंद नाही का? आहे ना. किती घरं, किती झाडं, किती एकर जमीन, किती मोबदला, सगळं कागदावर आहे. पण नदीच्या कोणत्या घाटाला काय म्हणायचे, पोळ्याचे बैल कुठून निघायचे, महापुरात पाणी कोणत्या ओट्यापर्यंत चढलं होतं, कोणत्या झाडाखाली गावसभा बसायची, मोबदल्याच्या कागदात याला रकानाच नसतो. १९८८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज पन्नाशीकडं आलं आहे. त्या वेळी जे गावचे कर्ते होते त्यांतले पुष्कळजण आता नाहीत. आणि नव्या वसाहतीत जन्मलेल्या मुलाला जुनं गाव दाखवायचं तर बोट करायचं पाण्याकडं!

गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलं नसेल त्यांनीही निर्धास्त राहू नये. रस्ता रुंद होतो, जुना वाडा पडतो, तळ्यात गाळ भरतो, शेतं विकली जातात. घरातला सात-बारा उतारा बाबांकडून मागून घ्या. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना दिसेल. पुष्कळदा तो कोराच असतो. पण आजोबा शेताला गट नंबरनं थोडेच ओळखतात? त्यांच्या तोंडी प्रत्येक शेताला नाव असतं, आणि प्रत्येक नावामागं काहीतरी घडलेलं असतं.

वही कशी घालायची

चार-पाच जण असले की मंडळ होतं. अध्यक्ष कोण यावरून भांडू नका, त्याच्याशिवायही चालतं. दोनशे पानी वही घ्या. गुरुजी किंवा बाई सोबत असतील तर उत्तमच, कारण तलाठी ऑफिसात मुलांना एकटं कुणी उभं करत नाही!

प्रत्येक पानावर आधी तारीख, मग सांगणाऱ्याचं नाव, वय आणि ते कुठं राहतात ते. नाव लिहू का, असं आधी विचारा. काहींना नको असतं. मग एक प्रश्न हवाच, ‘तुम्ही हे स्वतः पाहिलं, की कुणाकडून ऐकलं?’ हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिलेलं अर्धं फुकट. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर म्हाइंभटांच्या मागच्या लोकांनी केलं तेच करा. दोन्ही लिहा, खोडू नका. सांगणारा ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहा. त्यांनी ‘बोडी’ म्हटलं तर ‘लहान तलाव’ असं सुधारून लिहू नका. फोनमध्ये आवाज धरून ठेवला तरी चालेल, पण फोन बिघडतात, बदलतात, म्हणून वहीत उतरवाच. वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत, दुसरी ग्रामपंचायतीत किंवा कुणाच्या घरी. लीळाचरित्राची पोथी हरवल्यावर काय धांदल उडाली ते वाचलंत ना!

कागदही शोधा. मध्यप्रांतातल्या गावांचा ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा एक जुना कागद असतो. नाव ऐकून घाबरू नका. गावाच्या चालीरीती आणि हक्क त्यात लिहिलेले असतात, पाणी कुणी घ्यायचं, ढोरं कुठं चारायची, जळण कुठून आणायचं. निस्तार पत्रकही असंच. तुमच्या तळ्याचं पाणी शंभर वर्षांपूर्वी कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही, हे त्यातून कळू शकतं. कदाचित वाचून वाईटही वाटेल. तरी लिहून घ्या.

आणि फक्त पारावरच्या आजोबांनाच विचारून थांबू नका. मालगुजाराच्या वाड्यात जा, तसंच ज्या घरची माणसं त्या वाड्यात राबायला जायची तिथंही जा. ढीवरांना विचारा, तळ्याचा तळ कुठं खोल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? रोवणीला जाणाऱ्या बायांना विचारा, त्यांना गाणी पाठ असतात आणि त्या गाण्यांत गावं असतात.

सुरुवात मात्र घरातल्या आजीपासून करायला हरकत नाही. तिच्याकडं दोन गावांचा इतिहास आहे, माहेरचा आणि सासरचा, आणि माहेरचा तिला सहसा कुणी विचारत नाही. तिच्या माहेरी तळं गावाच्या कोणत्या अंगाला होतं आणि त्याच्या पाळीवर कशाचं झाड होतं, एवढंच पहिल्या दिवशी विचारा. संध्याकाळी, तिचं काम आटोपल्यावर. आणि पेन्सिल दोनदा टोक करून ठेवा, ती लवकर थांबणार नाही.